बारा ते दोनचा पहारा

चोर आणि सप्ताह एकाच गोष्टीत आले की तुमचं डोकं लगेच दानपेटीकडं जाणार. जाऊ द्या. पण आधीच सांगतो, दानपेटी फुटत नाय. देवाच्या अंगावरचं काही जात नाय. चोराच्या स्वप्नात देव येऊन त्याला सुधारतो, असलंबी काही होत नाय. तसं झालं असतं तर मी कीर्तनकार झालो असतो आन तुम्ही हे वाचायच्या ऐवजी माझ्यामागं टाळ वाजवत बसला असता. या गोष्टीत चोरानं काहीच वाईट केलं नाय. जे केलं ते मी केलं, एका मिनिटात, माईकवरून, आन चांगलं करायला म्हणून केलं.

मी सिल्लोडचा. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून एकदा दहावीचा वर्ग अर्धा तास आधी सोडला होता, आन त्याच हेडमास्तरांच्या हातचा मार खाऊन मी कलाकार झालो. पुढं शेंद्र्याला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो आन शहरात मावशीकडं राहायला आलो. मावशीची कॉलनी म्हणजे दहा गावांची खिचडी. कुणी फुलंब्रीकडचा, कुणी पैठणकडचा, कुणी जालन्याचा. गाव सुटलं, पण सप्ताह काही सुटला नव्हता. दरसाल चैत्रात मारुतीच्या देवळापुढं मांडव पडायचा.

सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. जेवायला नाय, झोपायला नाय, लाईट गेली तरी नाय. एक माणूस ती गळ्यात अडकवून देवापुढं उभा राहतो आन एका बोटानं तार छेडत नाम घेतो. याला पहारा म्हणतात. दोन तास झाले की दुसरा माणूस अंघोळ करून येतो, वीणेवाल्याच्या पायावर डोकं ठेवतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, आन मग मोकळा झालेला माणूस त्याच्या पाया पडतो. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्यापुढं सगळ्यांनी वाकायचं. आमच्या अध्यक्षांनी नववीतल्या एका पोराच्या पायावर डोकं ठेवलेलं मी पाहिलंय. त्या पोराला गुदगुल्या झाल्या होत्या आन ते दोन तास हसू दाबून उभं होतं. मधीच वीणा खाली टेकली तर सप्ताह मोडला. मग वर्षभर कॉलनीत जे काही वाईट होईल, म्हैस आटण्यापासून पोरगं नापास होण्यापर्यंत, ते सगळं टेकवणाऱ्याच्या नावावर.

अध्यक्ष एसटीचे रिटायर कंट्रोलर होते. अख्खी नोकरी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेली. आधी घसा खाकरायचे, मग नाकातून ‘कृपया लक्ष द्या’, आन वाक्याचं शेवटचं अक्षर असं ओढायचे की महाप्रसादबी फलाट तीनवरून सुटणार आहे असं वाटायचं. मला त्यांचा आवाज पहिल्याच दिवशी तोंडात बसला. कॉलनीतल्या बायका मला थांबवून तो काढायला लावायच्या. अध्यक्षांनाबी ते माहीत होतं. त्या वर्षी कंपनी आठ दिवस बंद होती, म्हणून त्यांनी दिवसाच्या सूचना माझ्याकडं दिल्या, आन देताना बजावलं की माईकवर तुझा आवाज पाहिजे, माझा माझ्याकडं आहे.

आता काका. काका कॉलनीच्या टोकाला पंक्चरच्या दुकानात कामाला होते. लोक मागं त्यांना ‘मोटारवाला’ म्हणायचे, आन मी नवा असताना मला वाटलं गाडी-बिडी असंल. मग मावशीनं सांगितलं. काका आधी विहिरीतल्या मोटारी चोरायचे. पाण्यात उतरून, नटबोल्ट काढून, दोरानं मोटार वर ओढायची आन केबल गुंडाळून पसार. फुलंब्री-सिल्लोड पट्ट्यात त्यांनी किती विहिरी मुक्या केल्या ते त्यांनाच ठाऊक. एकदा दोर तुटला, मोटार गुडघ्यावर आली, तिथंच सापडले आन मग हर्सूलच्या जेलात गेले.

जेलात त्यांच्या बराकीत एक म्हातारा रोज भजन करायचा. काकांनी मला स्वतः सांगितलेलं, की त्याची टिंगल करायला म्हणून ते जेवणाची थाळी बडवत त्याच्या शेजारी बसले. चार दिवस टिंगल केली. पाचव्या दिवशी म्हातारा म्हणाला की बाकी तुझं सगळं वाईट आहे, पण ताल सच्चा आहे. एवढ्या वर्षांत आपल्यातलं काहीतरी सच्चं आहे असं म्हणणारा तो पहिला माणूस. सुटले तव्हा काकांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. दारू, मटण, बिडी सगळं बंद.

सप्ताहात काका मरणाचं काम करायचे. पाण्याच्या टाक्या भरायच्या, भाताची पातेली घासायची, कीर्तनाला लोकांच्या चपला सांभाळायच्या. आख्ख्या शहरात फक्त आमच्याच देवळातून चपला गेल्या नाहीत, आन त्याचं कारण सगळे हसत सांगायचे, काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. काकाबी हसायचे. पण दरसाल सप्ताहाच्या आधी कमिटीची बैठक भरली की काका दाराशी येऊन एकच मागणं करायचे, की मला एक पहारा द्या. कोणताबी. आन दरसाल अध्यक्ष म्हणायचे, बघू. तिसऱ्या वर्षी त्यांनी खरं कारण सांगितलं. म्हणाले, तुमच्याबद्दल माझं काही नाय, पण पुढच्या माणसानं तुमच्या पाया पडायला पाहिजे ना.

मी एकदा काकांना विचारलं की एवढं काय त्या वीणेत. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. म्हणाले, “वीणा गळ्यात आसली की दोन्ही हात गुतत्यात. दोन तास हात दुसरं काहीच करू शकत नाय. मला ते दोन तास पाहिजेत.”

माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. माझ्यासारख्याच्या डोक्यात राहिलेलं वाक्य म्हणजे धोकाच.

चौथ्या दिवशीची गोष्ट. दहा ते बारा पहाऱ्यावर एक म्हातारे बाबा होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बारा वाजत आले तरी पुढचा माणूस येईना. त्याचा फोन आला की कंपनीत अडकलोय. अध्यक्ष भाजी आणायला जाधववाडीला गेलेले, त्यांचा फोन लागंना. मांडवात पाचपंचवीस माणसं, बहुतेक पेंगत होती. बाबांचे पाय थरथरायला लागले. मी फळ्याकडं पाहिलं. फळ्यावर पहाऱ्यांची यादी खडूनं लिहिलेली. मग चपलांकडं पाहिलं. तिथं काका मांडी घालून बसले होते, सकाळीच अंघोळ केलेली, कपाळाला बुक्का.

मी माईक घेतला. घसा खाकरला.

“कृपया लक्ष द्या. बारा ते दोन वीणेच्या पहाऱ्यावर, चपलांची सेवा करणारे आपले काका उभे राहतील. काकांनी हातपाय धुऊन देवापुढं यावं.”

शेवटचं अक्षर मी असं ओढलं की खुद्द अध्यक्ष असते तर खूश झाले असते.

साऊंडवाले चाचा छावणी मोहल्ल्यातून मशीन घेऊन यायचे आन सात दिवस मशीनशेजारीच बसायचे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मशीनकडं पाहिलं, जणू गडबड तिच्यातच असावी.

काका उठले ते चपला तशाच सोडून. नळावर हातपाय धुतले, टोपी नीट केली, पुन्हा धुतले. बाबांपुढं आले आन त्यांच्या पायावर पडले. बाबांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली, मग चाचपत खाली वाकून काकांच्या पायावर डोकं ठेवलं. काकांनी डोळे मिटून घेतले. तार वाजली. पहिले दोन-चार ठोके वाकडे पडले, मग बोट बसलं. मला वाटलं, बघ, किती सोपं होतं, उगाच तीन वर्षं लावली या लोकांनी.

दोन वाजता डेअरीवाले दादा आले. कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यांची दुधाची डेअरी, गाव फुलंब्रीकडं, शांत माणूस, उधारीवरून कुणाला कधी बोलला नाय. पांढरं धोतर, ओले केस, खांद्यावर उपरणं. देवाला हात जोडले, वीणेकडं वळले आन तिथंच थांबले.

मला काही कळंना. शेजारच्या माणसानं माझ्या कानात सांगितलं की दादांच्या शेतातली मोटार गेली होती, काका मोटारी चोरायचे त्याच वर्षांत, त्याच पट्ट्यात. कुणी नेली ते कधी कळलं नाय. पण काका कॉलनीत आल्यापासून दादा त्यांच्याकडं पंक्चर काढत नाहीत, गाडी ढकलत चौकापर्यंत नेतात.

फळ्यावर दोन ते चारला दादांचं नाव होतं, सकाळपासून मीच ते दहादा वाचलं होतं.

दादांनी आवाज चढवला नाय. एवढंच विचारलं की याला कुणी उभं केलं. लोक म्हणाले, अध्यक्षांनी, माईकवरून. तेवढ्यात अध्यक्षच भाजीची पोती घेऊन रिक्षातून उतरले. त्यांना विचारलं. ते म्हणाले, मी जाधववाडीत होतो. मग सगळ्यांनी गोंधळून एकमेकांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाय कुणी, म्हणजे आवाज किती चांगला बसला होता बघा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की थोडा वाईट बसला असता तर बरं झालं असतं.

आता पेच असा. दादा वाकंनात. ते वाकल्याशिवाय वीणा घेता येईना. काकांना ती खाली ठेवता येईना. दुसऱ्या कुणी घ्यावी तर त्यालाबी वाकावं लागणार, आन दादांच्या देखत वाकायला कुणी पुढं होईना. अध्यक्ष म्हणाले मी घेतो, तर दादा म्हणाले, “फळ्यावर नाव माझं हाय. घेतली तर मी घीन, न्हायतर ऱ्हाऊ द्या त्याला उभं.” आन ते काकांसमोर, चार हातांवर, खाली बसले.

अडीच वाजले. तीन वाजले. चैत्रातलं ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन खाली येत होतं. काका नाम घेत होते. त्यांचा तो मोटार पडलेला गुडघा वाकायला लागला की ते वजन दुसऱ्या पायावर टाकायचे, मग थोड्या वेळानं परत. सदरा पाठीला चिकटलेला. बातमी कॉलनीभर गेली आन मांडव भरायला लागला. मावशीबी आली, आन तिनं मात्र सरळ माझ्याकडं पाहिलं. तिनं मला लहानपणापासून ऐकलेलं आहे.

चाचा हळूच म्हणाले, “बेटा, मशीन मेरी है, जबान तेरी. तू बोलता के मैं बोलूं?”

मी म्हणालो, बोलतो. डोक्यात नुसते आवाज फिरत होते, कुणाचा काढून सांगितलं म्हणजे कमी लागेल म्हणून. असा एकबी आवाज सापडला नाय.

शेवटी माईक हातात घेतला आन सांगितलं की बाराची सूचना मी दिली होती, अध्यक्षांच्या आवाजात. त्यांना माहीत नव्हतं. काकांनाबी माहीत नव्हतं. माझा स्वतःचा आवाज स्पीकरमधून इतका बारीक येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

काकांची तार थांबली. एक क्षणच. सगळ्या मांडवानं ते ऐकलं. मग परत सुरू झाली, पण नाम तोंडातल्या तोंडात गेलं आन माझ्याकडं त्यांनी मान वळवली नाय.

दादा उठले. काकांच्या जवळ गेले, इतके की वीणेचा भोपळा दोघांच्या मधी आला. म्हणाले, “जांभळीखालची इहीर. वढ्याच्या अंगाला. तू होता का?”

काका नाम घेत राहिले. मग तार चालूच ठेवून म्हणाले, “व्हय. मीच.”

“तव्हापास्नं माझा बाप इहिरीवरच झोपतो. नवी मोटार बसवली तरी. अजूनबी घरात झोपत नाय.”

मला वाटलं आता दादा हात उचलतील. मांडवातल्या दोघातिघांना तसंच वाटलं असणार, ते पुढं सरकले. दादांची मूठ खरंच आवळलेली होती. पण वीणा वाजत होती. वाजत्या वीणेसमोर कोण हात उचलणार. मग दादा वाकले, पण कमरेपर्यंतच. त्यांनी कपाळ वीणेच्या भोपळ्याला लावलं. काकांच्या पायाला नाय. पुजाऱ्यानं अध्यक्षांकडं पाहिलं, की हे चालतं का. अध्यक्षांनी मान दुसरीकडं वळवली, म्हणजे चाललं.

वीणा दादांच्या गळ्यात गेली. काका खाली बसायला गेले ते कोसळलेच, आन पडल्या जागेवरूनच सरकत दादांच्या पायापाशी गेले. पायांवर डोकं ठेवलं. दादांनी पाय मागं घेतले नाहीत, आन आशीर्वादाला हातबी उचलला नाय. कसा उचलणार, दोन्ही हात गुंतलेले.

अध्यक्षांनी मला मांडवामागं, भाजीच्या पोत्यांमधी नेऊन झापलं. ते झापणं तुम्हाला त्यांच्याच आवाजात ऐकवलं असतं, पण मी तो आवाज त्या दिवसापासून काढत नाय. थोडक्यात, माईक गेला, पुढच्या सप्ताहाला मांडवात पाय ठेवायचा नाय, आन आईला फोन गेला. मावशीनं घरी गेल्यावर ताट वाढलं आन मी जेवंपर्यंत समोर बसून माझ्याकडं बघत राहिली, ते वेगळंच. हे सगळं मला चालत होतं. खरं सांगायचं तर आतून मी थोडा फुशारलोबी होतो. म्हटलं, काही का होईना, काकांना पहारा मिळाला. चोरी कबूल झाली. दादांनी वीणा घेतली. माझ्यामुळंच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चरच्या दुकानावर गेलो. वाटलं काका चहा पाजतील. काका गुडघ्याला कापड बांधून टायरवर बसले होते. मला बघून उठले नाहीत.

“बस,” म्हणाले. मी बसलो.

“तुला काय वाटलं, तू माझं भलं केलं?”

मी म्हणालो, काका, तीन वर्षं तुम्ही नुसते मागत होता.

“मागत व्हतो. आन मागतच ऱ्हायलो आस्तो. तुझी काय घाई झाली व्हती?” त्यांचा आवाज मोठा नव्हता. टायरावर बोट दाबत बोलत होते, जणू हवा बघायलेत. “मला म्हाईत व्हतं, त्या इहिरीचा मालक डेअरीवाला हाय म्हणून. आलो त्याच वर्षी कळलं. त्याच्या दारात जायचं, हे मी रोज ठरवायचो. आन रोज चौकापर्यंत जाऊन माघारी यायचो. भ्यायचो. पण जाणार व्हतो. मोकळ्या हातानं जाणार व्हतो, माळ काढून खिशात ठेवून. म्हंजी त्यानं मारलं तर नीट मारता यावं.”

मी त्यांच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं.

“गळ्यात वीणा आसलेल्या माणसाला कुणी शिवी देतं का रे? सांग ना. त्याच्या बापाची झोप मी नेली. मला शिव्या द्यायचा हक्क व्हता त्याचा, थोबाडात द्यायचा हक्क व्हता. माझ्याकडनं त्याला द्यायला तेवढंच व्हतं. आन तू मला देवाच्या आड उभं केलं. त्याची मूठ बघितली का तू? मी बघितली. ती उघडली नाय आन उचललीबी नाय. तशीच घरी घेऊन गेला तो.”

मी म्हणालो, काका, चुकलं. माझ्या स्वतःच्याच आवाजात म्हणालो.

“चुकलं म्हणून माझ्याकडं काय आलास? सगळ्या कॉलनीचे आवाज काढतोस, कव्हा त्या डेअरीवाल्याचा काढून बघितला का? काढता येईल तुला? बोलतच नाय तो. न बोलणाऱ्या माणसाचं तुला काही कळत नाय, आन निघाला न्याय करायला.” त्यांनी टायर बाजूला ढकललं. “ऊठ. माझा धंद्याचा टाईम हाय. आन चौकाकडनं जाऊ नको, मला आज तिकडनं डेअरीवर जायचंय. तू मधी दिसला तर परत कायतरी चांगलं करशील.”